चिमणी, ७६८ पायऱ्या आणि फुकट मिळालेला एक तास

मशीनच्या ट्रायलसाठी जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांनी आधी कालनिर्णय उघडलं. २०१४ सालची गोष्ट. १८ ऑक्टोबरच्या रात्रीचं विमान आणि २ नोव्हेंबरला परत. म्हणजे वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सगळी दिवाळी तिकडेच. आई काही बोलली नाही, पण चकल्यांचा घाणा आठ दिवस आधीच निघाला आणि माझ्या बॅगेत कपड्यांआधी चिवड्याचा आणि चकल्यांचा असे दोन डबे बसले.

आम्ही तिघं होतो. मी प्रोसेसचा. सांगलीचा एक तरुण प्रोग्रामर, त्याला सगळे सांगलीकरच म्हणतात. आणि मेंटेनन्सचे अण्णा. अण्णांचं वय तेव्हा छप्पन्न, सगळी हयात भोसरी-चाकणच्या शॉपमध्ये गेलेली आणि पासपोर्ट कोरा करकरीत. गिअरबॉक्सच्या हाउसिंगसाठी एक मोठं हॉरिझॉन्टल मशीनिंग सेंटर, म्हणजे धातू कापणारं संगणकी मशीन, आमच्या कंपनीने घेतलं होतं. बनवणाऱ्यांच्या शॉपमध्ये बसून सलग ५० जॉब (म्हणजे तीच हाउसिंग) काढायचे, प्रत्येकाची मापं घ्यायची, सीपीके, म्हणजे मापं मर्यादेत किती सातत्याने येतात याचा आकडा, १.६७ च्या वर आला की सही करायची, आणि मग मशीन पेटीत जाणार. कारखाना श्टुटगार्टपासून अर्ध्या तासावरच्या एका लहान गावात होता.

कामाच्या दौऱ्यात गाव बघायचं म्हणजे उरल्यासुरल्या वेळात. टूरवाल्यांसारखं सात दिवसांत पाच देश असं नसतं. तुम्ही एकाच गावात पंधरा दिवस राहता, रोज त्याच बेकरीसमोरून जाता आणि रविवार मिळाला तर एक गाव बघता. मला ही तऱ्हा मनापासून आवडते. त्या पंधरा दिवसांत आम्ही जितकं हसलो तितकं मी कुठल्याही सहलीत हसलेलो नाही.

उतरलो तोच मुळी रविवार. जर्मनीतला रविवार ऐकून माहीत होता, पण तो कानाने ऐकावा लागतो. दुकानं बंद, हे झालंच. पण रविवारी गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, भिंतीत ड्रिल मारायचं नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो आणि शेजाऱ्यांची शांतता मोडते. अण्णा बाल्कनीत उभे राहिले आणि पाच मिनिटांनी आत येऊन म्हणाले, "अरे, कुणी गेलंय का इथं?" सकाळी दोन-तीन तास बेकरी उघडी होती, तेवढीच हालचाल. तिथून पाव आणले आणि त्याबरोबर आईचा चिवडा खाल्ला.

दुपारी पाय मोकळे करायला निघालो. चौकात एक आजोबा आणि आजी सिग्नलपाशी उभे होते. चालणाऱ्यांसाठीचा लाल माणूस पेटलेला. रस्त्यावर डावीकडे चिटपाखरू नाही, उजवीकडे चिटपाखरू नाही. तरी दोघं हातात हात घालून शांतपणे उभे. आम्हीही थांबलो. अण्णांनी सवयीने एक पाय पुढे टाकला होता तो मागे घेतला. खांबावर एक पाटी होती, सांगलीकराने मोबाइलवर शब्द घालून अर्थ काढला: हिरवा असतानाच जा, मुलांपुढे आदर्श ठेवा. आम्ही सगळ्यांनी मुलं शोधली. लांबवर एकही मूल नव्हतं. अण्णा हळूच म्हणाले, "खिडकीतून बघत असेल एखादं." मग हिरवा झाला, आजोबांनी आम्हाला मान लववली आणि आम्ही पाच जण पलटणीसारखे एका ओळीत रस्ता ओलांडून गेलो. पुढचे पंधरा दिवस अण्णांनी एकदाही लाल मोडला नाही. रात्री अकरा वाजता, पावसातसुद्धा ते उभे राहायचे.

सोमवारी संध्याकाळी पाणी आणायला सुपरमार्केटात गेलो. दीड लिटरची बाटली १९ सेंटला, बिलात मात्र लागले ४४. चौकशी केल्यावर कळलं की वरचे २५ सेंट बाटलीची अनामत, त्याला तिथे 'फांड' म्हणतात. रिकामी बाटली परत आणली की पैसे परत. म्हणजे पाण्यापेक्षा बाटली महाग! तेव्हाच्या भावाने २५ सेंट म्हणजे जवळजवळ वीस रुपये. अण्णांना हे फार पटलं. त्यांच्या लहानपणी वाड्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानात सोड्याच्या बाटलीवर अशीच अनामत असायची. दुकानाच्या दाराशी भिंतीत एक गोल भोक, त्यात बाटली आडवी ठेवायची. आत पट्टा फिरतो, बाटली गोल गोल फिरवून तिच्यावरची खूण वाचली जाते आणि मग ती आत कुठेतरी कडाकड चेपली जाते. शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी बाहेर. सांगलीकर त्या भोकासमोरून हलेना. कुठला सेन्सर, बाटली उलटी घातली तर काय, झाकणासकट चालते का, सगळ्या चाचण्या त्याने केल्या. उलटी घातलेली बाटली यंत्राने परत बाहेर ढकलली तेव्हा त्याला झालेला आनंद मी आमच्या ५० जॉबच्या ट्रायलमध्येही पाहिला नाही.

राहायला कंपनीने एका तीन मजली घरातला मधला मजला भाड्याने घेतला होता. तळमजल्यावर एक आजी राहायच्या. मंगळवारी रात्री परत आलो तर आमच्या दाराच्या मुठीला दोरीने एक लाकडी पाटी अडकवलेली. तिच्यावर एकच शब्द, 'केऱ्वोखे'. अण्णांना वाटलं, दिवाळीची शुभेच्छा असेल.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या फोरमनला विचारलं तर तो मोठ्याने हसला आणि मग एकदम गंभीर होऊन समजावू लागला. हा श्वाबेन प्रांताचा जुना रिवाज. केऱ्वोखे म्हणजे झाडण्याचा आठवडा. ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना, पॅसेज आणि दारासमोरची फरशी झाडायची, आणि आठवडा संपला की पाटी पुढच्याच्या दाराला लावायची. १४९२ साली श्टुटगार्टच्या नगरनियमांत याचं मूळ सापडतं, असं त्याने सांगितलं.

आता अण्णा वाढले नारायण पेठेतल्या वाड्यात. चौकाचा सडा, जिन्याची पाळी, नळाची पाळी, हे त्यांच्या रक्तात. त्यांनी त्याच संध्याकाळी बाह्या सरसावल्या. आजींनी खालून कुंचा, सुपली आणि बादली दिली आणि दारात उभ्या राहिल्या. अण्णा वरून खाली झाडत आले, पायरीचा कोपरा कुंच्याच्या टोकाने काढत, अगदी घरच्यासारखं. आजी मागून बघत होत्या. चौथ्या पायरीवर त्या खाली वाकल्या आणि कठड्याच्या पायाशी बोट फिरवून बोट दिव्यासमोर धरलं. अण्णांनीही मान पुढे करून ते बोट पाहिलं. स्वच्छ! आजी म्हणाल्या, "झाउबर." अण्णा म्हणाले, "मग!" या दोन शब्दांवर त्यांची मैत्री झाली. पुढे रोज रात्री अण्णा आजींना एक चकली द्यायचे आणि आजी अण्णांना एक सफरचंद. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती आणि कुणाचं काही अडलं नाही.

कारखान्यातही मजा होती. सकाळी सगळे 'ग्र्यूस गॉट' म्हणतात. शब्दशः त्यात देव येतो, म्हणून अण्णा त्याला राम राम म्हणूनच उत्तर द्यायचे आणि ते बरोबरच होतं. खरी गंमत दुपारची. साडेअकरा वाजले की जो भेटेल तो 'माल्टसाइट' म्हणतो. म्हणजे जेवणाची वेळ झाली, नीट जेवा. पॅसेजमध्ये, लिफ्टमध्ये, मापं घेण्याच्या खोलीत, हात धुताना. जेवून आलेला माणूस जेवायला निघालेल्याला म्हणतो, आणि जाणाराही तेच म्हणतो. सांगलीकर एका दुपारी जिन्यापासून कॅन्टीनच्या दारापर्यंत मोजत गेला. एकवीस माल्टसाइट. आपल्याकडे पंगतीत एकदाच श्लोक म्हणतात, इथे प्रत्येक जण प्रत्येकाला म्हणतो.

गुरुवारी, २३ तारखेला लक्ष्मीपूजन. अण्णांनी बॅगेतून कुंकवाची डबी काढली आणि फोरमनला विचारलं, मशीनला लावू का. तो माणूस तीस वर्षं स्लाइडवे, म्हणजे मशीनचे भाग ज्यांवरून सरकतात त्या पट्ट्या, घासून बसवणारा. त्याने डबी हातात घेतली, चिमूटभर कुंकू बोटांत चोळून कणाचा बारीकपणा पाहिला आणि विचारलं, हे पाण्यात विरघळतं का, तेलात विरघळतं का, उडून आत जाईल का. अण्णांनी प्रत्येक प्रश्नाचं गंभीरपणे उत्तर दिलं. शेवटी ठरलं की मशीनच्या बाहेरच्या दारावर, स्लाइडवेपासून दूर, ओलं करून लावायचं. जागा त्यानेच फडक्याने पुसून दिली आणि टोपी काढून बाजूला उभा राहिला. अण्णांनी नाम ओढलं, वर एक तांदूळ चिकटवला, चकली समोर ठेवली. मग फोरमनने विचारलं, "किती दिवस ठेवायचं?" अण्णा म्हणाले, आपोआप जाईल तेव्हा जाईल. त्या शॉपमध्ये जमिनीवर तेलाचा थेंब दिसत नाही, रोज संध्याकाळी एक माणूस प्रत्येक मशीनचं दार पुसतो. त्याने आमचं दार पुसलं, पण कुंकवाभोवती बोटभर जागा सोडून. आम्ही निघेपर्यंत तो लाल ठिपका तसाच होता, वरच्या तांदळासकट. घरापासून लांब होतो, पण ही दिवाळी मला इतर कुठल्याही दिवाळीपेक्षा जास्त आठवते.

शुक्रवारी दुपारी दीडनंतर तिथे कारखान्यात कुणी थांबत नाही. आम्ही श्टुटगार्टला मर्सिडीजचं संग्रहालय पाहून आलो. त्यावर फार लिहीत नाही, गाड्यांच्या मधून अण्णांना बाहेर काढायला जो वेळ लागला तो मात्र लक्षात आहे. लिफ्टने सगळ्यात वर न्यायचं आणि गोल उतारावरून चालत खाली आणायचं अशी रचना. वर दार उघडलं की मोटार दिसेल म्हणून आम्ही सरसावून उभे, आणि समोर एक पांढरा घोडा. सोबत जर्मन सम्राट कैसर दुसऱ्या विल्हेल्मच्या नावावर असलेलं वाक्य: आपला विश्वास घोड्यावर आहे, मोटार हे तात्पुरतं प्रकरण आहे. १८८६ साली पेटंट मिळालेल्या मोटारीच्या घरात तिच्याविरुद्धचं मत सगळ्यात आधी मांडायचं, याला मोठं मन लागतं.

आता २६ तारखेचा रविवार. या एका दिवसासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो.

बेत उल्म गावाचा होता. राज्याचं एक दिवसाचं रेल्वे तिकीट मिळतं, पाच जणांपर्यंत एकावरच चालतं, त्यावर आम्ही तिघांनी नावं घातली होती. गाडी सात वाजून काही मिनिटांनी. अण्णा पहाटे उठून अंघोळ, स्तोत्र आटोपून हातात एचएमटीचं घड्याळ बांधून तयार. म्हणाले, "पावणेसात झाले, उठा." सांगलीकराने पांघरुणातून मोबाइल पाहिला, "पावणेसहा झालेत अण्णा." अण्णांचं घड्याळ त्यांच्या लग्नातलं, कधी मिनिटभर पुढेमागे न झालेलं. दोघंही आपापल्या जागी ठाम. मी मध्ये. तेवढ्यात खालून आजी वर आल्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि हवेत बोट उलटं गोल फिरवलं.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार! त्या पहाटे तीन वाजता जर्मनी घड्याळ मागे घेऊन दोन वाजवते. मोबाइलने आपलं आपण केलं होतं. अण्णा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "म्हणजे एक तास फुकट मिळाला?" आयुष्यात कुठल्या कंपनीने, कुठल्या सरकारने त्यांना असा तास दिला नव्हता. त्यांनी तो वाया जाऊ दिला नाही. चहा केला, आजींना दिला, चकल्या काढल्या आणि उजाडेपर्यंत आम्ही चौघं स्वयंपाकघरात बसलो. एवढंच एक वाईट वाटलं की आदल्या दिवसापर्यंत घराशी साडेतीन तासांचं अंतर होतं, ते आता साडेचार झालं. लेक तेव्हा चार वर्षांची. रात्री फोन करावा तर ती झोपलेली असणार.

उल्मच्या वाटेवर गाडी गाइझलिंगेन गावापासून डोंगर चढते. हा घाट १८५० सालचा. वेग कमी झाला, वळणं सुरू झाली, अण्णा खिडकीला चिकटले. "अरे, हा तर खंडाळा!" चढ एकाला चव्वेचाळीसच्या आसपास, म्हणजे चव्वेचाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, आपल्या बोरघाटात एकाला सदतीस, म्हणजे आपला घाट जास्त कडक. पण जड मालगाडीला इथेही मागून इंजिन जोडतात हे ऐकून अण्णांनी मांडीवर थाप मारली. कर्जतला बँकर, म्हणजे मागचं ढकलणारं इंजिन, जोडताना बघत त्यांची निम्मी नोकरी गेली होती.

उल्म हे अल्बर्ट आइनस्टाइनचं जन्मगाव, १४ मार्च १८७९. जन्मघर महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेलं. वर्ष-दीड वर्षाचा असतानाच त्याच्या घरच्यांनी म्युनिक गाठलं, तरी गावाने त्याला सोडलेलं नाही. जुन्या शस्त्रागारापाशी १९८४ साली बसवलेलं एक कारंजं आहे. खाली रॉकेट, वर गोगलगाईचा शंख आणि त्यातून बाहेर आलेलं आइनस्टाइनचं डोकं, जीभ बाहेर काढलेलं. एवढ्या मोठ्या माणसाचं स्मारक, आणि ते जीभ काढून तुमच्याकडे बघतं. समोर एक जर्मन कुटुंब फोटो काढत होतं, आजोबांपासून नातीपर्यंत सगळ्यांच्या जिभा बाहेर. मग त्यांनी आम्हालाही उभं केलं. अण्णांनी कोटाची बटणं लावली, केस सारखे केले आणि पूर्ण गांभीर्याने जीभ काढली. तो फोटो त्यांच्या घरी हॉलमध्ये फ्रेम करून लावलेला आहे.

कोळ्यांच्या जुन्या वस्तीत ब्लाउ नावाच्या ओढ्यावर एक तिरकं घर आहे. पाण्याकडे इतकं झुकलेलं की बघताना आपण मान तिरकी करतो. आत आता हॉटेल चालतं. जमिनीला उतार असल्याने पलंगांचे पाय कमीजास्त उंचीचे करून पलंग तेवढे सरळ केले आहेत, असं ऐकलं. माझ्यासारख्याने आयुष्यभर मशीनखाली शिम, म्हणजे पातळ पत्रे, घालून स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मध्ये आणलेला. घर तिरकं राहू द्यायचं आणि पलंगाची लेव्हल काढायची, हा मेंटेनन्सवाल्याला पटणारा उपाय आहे. अण्णा म्हणाले, "फाउंडेशन परत करण्यापेक्षा स्वस्त."

तिथून तटावर आलो, खाली डॅन्यूब. या तटावरून १८११ साली आल्ब्रेख्ट बेर्ब्लिंगर नावाच्या शिंप्याने स्वतः केलेले पंख बांधून उडी घेतली. राजघराण्यातली मंडळी आणि सगळं गाव बघायला जमलेलं. तो सरळ नदीत पडला. कोळ्यांनी बाहेर काढला आणि गावाने आयुष्यभर हसून घेतलं. मात्र १९८६ साली तशाच यंत्राचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की पंख उडण्यासारखे होते, नदीवरच्या थंड हवेने दगा दिला. मला या शिंप्याबद्दल फार वाटतं. तो माणूस लाकडी पायही बनवायचा, म्हणजे हात कारागिराचे होते. चुकली ती ट्रायलची जागा.

आणि मग म्युन्स्टर. गावाचं प्रचंड चर्च. १६१.५३ मीटर उंचीचं शिखर, तेव्हा जगातलं सगळ्यात उंच चर्च. (२०२५ च्या ऑक्टोबरात बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाने तो मान घेतला.) १३७७ साली पायाचा दगड बसला, १५४३ साली काम थांबलं, ते १८४४ ला परत सुरू झालं आणि १८९० साली शिखर पूर्ण झालं. मी मनात हिशेब केला, ५१३ वर्षं, त्यातली ३०१ काम बंद. पाया एका शतकातला आणि कळस दुसऱ्याच शतकातला, हे आपल्याकडे वारकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. सांगलीकराने विचारलं, "मधे तीनशे वर्षं ड्रॉइंग कुणी सांभाळलं असेल?" हा प्रश्न मला आजही सुचतो. कारण मूळ ड्रॉइंग खरंच सांभाळलं गेलं होतं, आणि त्याच्याच आधाराने नंतरच्यांनी शिखर चढवलं.

शिखरावर जायला ७६८ पायऱ्या. अण्णांनी पर्वतीच्या १०३ ने भागून सांगितलं, "साडेसात पर्वती." आणि मोजत निघाले. दगडी गोल जिना, उजवा खांदा भिंतीला घासतो. वर जावं तसा जिना अरुंद होत जातो, शेवटच्या टप्प्यात तर एकच माणूस मावेल एवढा. वरून कुणी आलं तर दोघांनी श्वास आत ओढून, भिंतीला पाठ लावून एकमेकांना जागा द्यायची. अशा जागी माणसं फार सभ्य होतात. एक धिप्पाड गृहस्थ वरून आले, अण्णांच्या पोटाला पोट लागलं, दोघं अडकले, आणि अगदी नाकाला नाक असताना त्यांनी अण्णांना 'ग्र्यूस गॉट' म्हटलं. अण्णांनी हात जोडायला जागा नसल्याने नुसती मान लववली आणि मग म्हणाले, "बाबा रे, आकडा विसरलो." आकडा सांगलीकराने धरून ठेवला होता.

वर वारा होता. खाली लाल कौलं आणि चांदीच्या सरीसारखी डॅन्यूब. दक्षिणेला आकाशाच्या कडेला आल्प्सची पांढरी रेघ, त्या दिवशी हवा स्वच्छ होती म्हणून दिसली. साडेअकरा झाले होते, म्हणजे घरी चार. मी फोन लावला. लेक दुपारची झोप काढून उठली होती. "बाबा, तू कुठे आहेस?" म्हटलं, खूप उंच. "तिथे चिमण्या आहेत?"

तिने विचारलं म्हणून मी खाली पाहिलं. चर्चच्या लांब छपराच्या मधोमध, चोचीत काडी धरलेली तांब्याची चिमणी बसलेली होती! गावात सकाळपासून रंगवलेल्या मोठ्या चिमण्या दारादारांत दिसत होत्या, बेकरीत चॉकलेटच्याही होत्या, पण कारण कुणाला विचारलं नव्हतं. खाली उतरल्यावर तिकीट देणाऱ्या बाईंनी सांगितलं. चर्च बांधताना लोक एक लांबलचक तुळई गाडीवर आडवी घालून वेशीपाशी आले. वेस अरुंद, तुळई काही आत जाईना. वेस पाडायची तयारी झाली. तेवढ्यात कुणाचं तरी लक्ष गेलं. एक चिमणी घरट्यासाठी लांब काडी घेऊन आली, काडी आडवी होती ती तिने फिरवून सरळ उभी धरली आणि फटीतून अलगद आत गेली. लोकांनी तुळई लांबीने फिरवली आणि वेस वाचली. त्या चिमणीला गावाने चर्चच्या माथ्यावर बसवलं.

मी संध्याकाळी मुद्दाम लवकर फोन केला आणि लेकीला ही गोष्ट सांगितली. तिला फक्त मेणाच्या घरातली चिऊताई माहीत होती. शांतपणे ऐकून घेऊन तिने विचारलं, "मग काऊ काय करत होता?" मी म्हटलं, काऊ वेस पाडायला सांगत होता. तिला ते एकदम पटलं.

सोमवारी कारखान्यात गेलो तर चाकणहून मेल आलेली. मशीनचा बेड, म्हणजे खालचा मुख्य सांगाडा, पेटीसकट सव्वापाच मीटर लांब, अडीच मीटर रुंद. आमच्या शेडचं शटर चार मीटर रुंद. लेआउटमध्ये मशीन शटरला आडवं बसतं, म्हणून ज्या दिशेने बसणार त्याच दिशेने सरळ आत घ्यायचं असं ड्रॉइंगवर धरलेलं, आणि त्यासाठी शटरच्या बाजूची भिंत पाडायला सिव्हिलवाल्यांनी आठ दिवस मागितले होते. मी मेल वाचली, अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी तिथूनच आमच्या मशीन हलवणाऱ्या मुकादमांना फोन लावला. पलीकडून आवाज स्पीकरवर सगळ्यांना ऐकू आला, "भिंत कशाला पाडताय साहेब? खाली रोलर घालून लांबीनं घेऊ आत, मग फिरवू की."

मी फोरमनला भाषांतर करून सांगितलं. तो क्षणभर ड्रॉइंगकडे बघत राहिला आणि एकदम ओरडला, "उल्मर श्पात्स!" उल्मची चिमणी. त्याची सगळी माणसं गोळा झाली. जो येईल त्याला तो बोटाने आडवी काडी उभी करून दाखवत होता. पुण्याजवळच्या एका मुकादमाने उल्मची गोष्ट न ऐकताच तेच सांगितलं, याचं त्या लोकांना केवढं कौतुक वाटलं. बुधवारी ५० वा जॉब निघाला, सीपीके १.७४, सह्या झाल्या.

पेटी जानेवारीच्या शेवटी न्हावाशेव्याहून चाकणला आली. पुढच्या फळीवर कंपनीचे शिक्के, वरची बाजू दाखवणारे बाण, नाजूक मालाचा पेला, आणि या सगळ्यांच्या खाली निळ्या मार्करने काढलेली एक चिमणी, चोचीत काडी. काडीचं टोक बरोबर शटरकडे. मुकादमांनी पेटीभोवती एक फेरी मारली आणि चिमणीपाशी थांबले. "हे कसलं चिन्ह आहे? पाण्यापासून जपायचं का?"

अण्णांनी त्यांना रोलर लावता लावता सगळी गोष्ट सांगितली, वेस, तुळई, काडी, सगळं. मुकादम ऐकत होते, मधेच आपल्या माणसांना पहारीचा इशारा करत होते. बेड लांबीने आत सरकला, दोन्ही बाजूंना हात-हात जागा राहिली. शेडच्या मध्यावर फिरवून घेतला तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. अण्णांनी सगळ्या गँगकडे बघून मोठ्याने सांगितलं, "माल्टसाइट!"